चष्मा बसवणाऱ्यावर नजर कोणाची?

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याने 1953 साली एक कायदा केला. चष्म्याची काच फुटली, तिचे तुकडे रुमालात बांधून तुम्ही दुकानात गेलात आणि ‘अशीच दुसरी घालून द्या’ म्हणालात, तर दुकानदाराने नाही म्हणायचं. आधी डोळ्यांच्या डॉक्टरची नाहीतर ऑप्टोमेट्रिस्टची चिठ्ठी, मग काच. तुकड्यावरून नंबर सांगणारं लेन्सोमीटर दुकानात असलं तरी त्याच्या भरवशावर काच करायची नाही. जुन्या धडधाकट काचा नव्या फ्रेममध्ये घालायच्या असल्या तरी चिठ्ठी हवीच. फ्रेमची जाहिरात करायला बंदी. मोठ्या दुकानांनी डोळे तपासणाऱ्याला आत जागा भाड्याने द्यायलाही बंदी. आणि गंमत अशी की, फळीवर मांडलेले तयार चष्मे विकणाऱ्यांना मात्र या कायद्यातून सूट!

ली ऑप्टिकल ही चष्मे करून विकणारी कंपनी कोर्टात गेली. खालच्या कोर्टाने कायद्यातली काही कलमं उडवली, पण 28 मार्च 1955 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा जिवंत केली. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा: हा नियम पुष्कळदा निरर्थक आणि खर्चिक ठरेलही, पण त्याचे फायदे-तोटे तोलणं हे विधिमंडळाचं काम आहे, न्यायालयाचं नाही. तिथे कायद्याच्या विद्यार्थ्याला हा निकाल वाचावाच लागतो. चष्म्याच्या दृष्टीने मात्र तो काहीच सांगत नाही. चष्मा बसवण्याच्या कामावर देखरेख लागते का, लागत असेल तर नेमकी कुठल्या टप्प्यावर, हा खरा प्रश्न. त्याला न्यायालयाने हातच लावला नाही.

चष्म्याच्या वाटेवर तीन माणसं भेटतात. नेत्रतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर. तो आजार ओळखतो, औषध देतो, शस्त्रक्रिया करतो. ऑप्टोमेट्रिस्ट डोळे तपासून नंबर काढतो आणि काही गडबड दिसली तर डॉक्टरकडे पाठवतो. तिसरा ऑप्टिशियन. कागदावरचा नंबर तो काचेत उतरवतो आणि ती काच तुमच्या तोंडावर नेमक्या जागी आणतो. आपल्याकडे पुष्कळदा दुसरा आणि तिसरा एकाच काउंटरमागे उभे असतात, कधी कधी तो एकच माणूस असतो. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही आणि सांगायची तसदी कोणी घेत नाही.

आता या तिसऱ्या माणसाचं काम जरा जवळून पाहू. काचेला एक मध्य असतो, जिथून किरण न वळता सरळ जातो. तो मध्य बुबुळाच्या समोर यायला हवा. म्हणून दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं. दुकानांत त्याला पी.डी. म्हणतात. मोठ्या माणसांत ते साधारण 63 मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसागणिक बदलतं, आणि नाकापासून डावीकडचं आणि उजवीकडचं अंतर सारखं असेलच असंही नाही. समजा, एकाची पी.डी. 62 आहे, नंबर मायनस 6. फ्रेम मोठी, आजच्या फॅशनची. पी.डी. न मोजता कारागिराने काचेचा मध्य फ्रेमच्या गाळ्याच्या मधोमध ठेवला आणि दोन मध्यांमधलं अंतर झालं 68. प्रत्येक डोळा आता मध्याच्या 3 मिलिमीटर आतून बघतोय. अशा वेळी काच लोलकासारखी वागते आणि किरण वाकवते. किती, ते काढायचं सूत्र सोपं आहे: नंबर गुणिले सेंटिमीटरमधली चूक. 6 गुणिले 0.3 म्हणजे 1.8 आणि दोन डोळ्यांचे मिळून 3.6 प्रिझम डायॉप्टर, म्हणजे दर मीटर अंतरामागे 3.6 सेंटिमीटर सरक. बरं, ही सरक अशा बाजूची की, दोन प्रतिमा एक करायला डोळ्यांना बाहेरच्या अंगाला वळावं लागतं. डोळ्यांना आत वळायची सवय असते, कारण वाचताना ते रोज तेच करतात. बाहेर वळायला मात्र त्यांच्याकडे फारच कमी वाव असतो. परिणाम म्हणजे डोकेदुखी, ओढल्यासारखं वाटणं, संध्याकाळी अक्षरं दोन दिसणं. गिऱ्हाईक म्हणतं नंबर चुकला, तपासणारा म्हणतो नंबर बरोबर आहे. दोघंही आपापल्या जागी खरे असतात.

हीच 3 मिलिमीटरची चूक मायनस पाऊणच्या चष्म्यात झाली तर? दोन्ही डोळ्यांचे मिळून अर्धा प्रिझम डायॉप्टरही भरत नाही. घालणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. पुढे नियमांचा जो गोंधळ येणार आहे त्यात हा फरक लक्षात ठेवावा, अशी विनंती आहे. चूक तीच, दुकान तेच, कारागीर तोच. कोणाच्या डोळ्यावर ती झाली यावर सगळं अवलंबून.

सिलिंडरचा नंबर आणखी नाजूक. तो विशिष्ट कोनात बसवावा लागतो. 2 नंबरचं सिलिंडर 10 अंशांनी फिरलं, तर सुमारे 0.7 चा नवाच दोष डोळ्यापुढे उभा राहतो. गोल फ्रेममध्ये काच सैल पडली की ती बोटाने पुसता पुसता फिरते. घालणाऱ्याला वाटतं नंबर वाढला. जाड काचेच्या चष्म्यात डोळ्यापासूनचं अंतरही मोजावं लागतं. मायनस 10 चा चष्मा घसरून डोळ्यापासून 4 मिलिमीटर लांब गेला, तर तो मायनस 9.6 इतकंच काम करतो, म्हणून अशी माणसं सारखी चष्मा वर ढकलताना दिसतात. आणि प्रोग्रेसिव्ह काच! तिच्यात लांबचा नंबर वर, जवळचा खाली आणि मधे अरुंद गल्ली. ती गल्ली कुठून सुरू व्हायची हे बुबुळाच्या उंचीवरून ठरतं. चांगला ऑप्टिशियन आधी फ्रेम तोंडावर नीट बसवतो, काड्या कानामागे वाकवतो, नोजपॅड जुळवतो, मग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या पातळीवर स्वतः खाली बसतो आणि नमुन्याच्या काचेवर पेनने ठिपका देतो, प्रत्येक डोळ्याचा वेगळा. घाईतला माणूस उभ्यानेच अंदाजाने ठिपका देतो. मग नव्या चष्म्याचा मालक हनुवटी वर करून पेपर वाचायला लागतो आणि ‘सवय होईल’ हे दुकानातलं वाक्य महिनाभर ऐकत राहतो.

वाईट चष्म्याला चाप लावण्याचा प्रयत्न जुना आहे. लंडनमधल्या चष्मे करणाऱ्यांच्या संघाला राजा पहिला चार्ल्स याने 1629 साली सनद दिली. हा संघ वाईट मालावर नजर ठेवून असे. 1671 सालची एक नोंद मला फार आवडते. 22 डझन चष्मे पकडले गेले, काच वाईट आणि फ्रेमही वाईट. संघाच्या सभेने ते फसवे ठरवले आणि कॅनन स्ट्रीटवर लंडन स्टोन नावाचा जो प्राचीन दगड आहे, त्यावर ठेवून हातोड्याने त्यांचा चुरा केला. 264 चष्मे, भर रस्त्यात! ग्राहक संरक्षण म्हणून हे दृश्य झकास आहे. फक्त एवढंच विसरायचं नाही की, हातोडा धरणारे त्याच धंद्यातले होते. आपल्या बाजारात कोणी यावं आणि कोणी येऊ नये, हे ठरवण्याचा अधिकारही त्या सनदेबरोबर आलाच होता.

तेव्हापासून आजपर्यंत हे दोन हेतू एकमेकांत गुंतलेले आहेत: डोळे जपायचे आणि धंदा जपायचा. इटलीतल्या सिसिलीचा नियम पाहा. दर 8,000 रहिवाशांमागे चष्म्याचं एक दुकान आणि दोन दुकानांत किमान 300 मीटर अंतर. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. तिथे 2013 साली असं ठरलं की, सार्वजनिक आरोग्यासाठी असा नियम करता येईल, मात्र तो खरोखर त्याच हेतूने आणि सुसंगतपणे राबवला पाहिजे. समोरच्या चौकात दुसरं दुकान निघाल्याने माझ्या काचेचा मध्य कसा हलतो, हे मला तरी समजलेलं नाही.

जर्मनीची तऱ्हा वेगळी. तिथे चष्मा बसवणं ही कारागिरी मानली जाते, पण वाटेल त्याने करायची नव्हे. तीन वर्षांची उमेदवारी, मग परीक्षा, आणि दुकान चालवायचं तर उस्तादाची पदवी, म्हणजे ‘माइस्टर’, असलेला माणूस तिथे हवा. अमेरिकेत एका देशात दोन जगं आहेत. निम्म्याहून कमी राज्यांत ऑप्टिशियनला परवाना लागतो. बाकीच्या राज्यांत आज रुजू झालेला पोरगा उद्यापासून पी.डी. मोजू शकतो. फ्लोरिडात उमेदवारीच्या वाटेने परवाना मिळवायचा तर परवानाधारकाच्या देखरेखीखाली 6,240 तास काम करावं लागतं, म्हणजे आठवड्याला 40 तासांप्रमाणे तब्बल तीन वर्षं. शेजारच्याच एका राज्यात सीमा ओलांडून गेलं की शून्य तास.

ओक्लाहोमासारख्या नियमांची किंमत कोणी मोजली का? मोजली. ली बेनहॅम या अर्थतज्ज्ञाने 1972 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही राज्यांत चष्म्याच्या जाहिरातीला बंदी होती, काहींत नव्हती. त्याने दोन्हीकडच्या किमती ताडून पाहिल्या. बंदीच्या राज्यांत चष्मे बरेच महाग निघाले, काही तुलनांत तर दुपटीहून अधिक. पुढे 1978 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला की, डोळे तपासून झाले की नंबराचा कागद, मागितला असो वा नसो, जास्तीचे पैसे न घेता रुग्णाच्या हातात द्यायचाच. एवढ्या साध्या कागदाने रुग्ण तपासणाऱ्याच्याच दुकानातून चष्मा घ्यायच्या बंधनातून सुटला. पण त्या कागदावर पी.डी. लिहिलीच पाहिजे असं हा नियम म्हणत नाही, कारण पी.डी. हा चष्मा बसवण्याचा भाग मानला गेला. आज ऑनलाइन चष्मा घेणारे लोक कपाळाला बँकेचं कार्ड लावून मोबाइलसमोर बसतात, ते यामुळेच. कार्डाची रुंदी जगभर 85.6 मिलिमीटर असते, त्या मापाने ॲप पी.डी. काढतं. साध्या नंबराला ते पुरतं. प्रोग्रेसिव्हला किंवा मायनस 8 ला त्यावर विसंबणं म्हणजे जुगार.

ओक्लाहोमाची गोष्ट 1955 ला संपली नाही. मोठ्या दुकानांत डोळे तपासू द्यावेत का, यावर 2018 साली तिथे जनमत घेतलं गेलं आणि प्रस्ताव अगदी थोड्या मतांनी पडला. पुढच्याच वर्षी तडजोडीचा कायदा झाला आणि मोठ्या लोकसंख्येच्या परगण्यांत परवानगी मिळाली. म्हणजे एका दुकानाच्या गाळ्याचा वाद साठ वर्षांहून जास्त चालला. त्यात काचेच्या मध्याबद्दल कोणी बोललं असेल, असं वाटत नाही.

या सगळ्यात मला ब्रिटनचा तोडगा सर्वांत शहाणा वाटतो, आणि तो एका दिवसात सुचलेला नाही. 1958 च्या कायद्याने तिथे जनरल ऑप्टिकल कौन्सिल स्थापन झालं. नोंदणी केलेल्या ऑप्टिशियनांच्या आणि डॉक्टरांच्या हातीच चष्म्यांची विक्री राहिली. किमती चढ्या आहेत अशी ओरड झाली. थॅचर सरकारने 1984 साली ही मक्तेदारी मोडली. मात्र मोडताना सरसकट मोडली नाही. मोठ्या माणसाकडे दोन वर्षांच्या आतला नंबराचा कागद असेल, तर त्याने चष्मा कुठूनही घ्यावा. वयोमानाने लागणाऱ्या चाळिशीचे तयार चष्मे, दोन्ही काचांचा नंबर सारखा आणि जास्तीत जास्त 4 असेल तर, पुढे कागदाविनाही घेता येऊ लागले. पण 16 वर्षांखालची मुलं आणि दृष्टिदोषाची सरकारी नोंद असलेल्या व्यक्ती, यांचा चष्मा नोंदणीकृत माणसानेच द्यायचा किंवा त्याच्या देखरेखीखाली दिला जायचा.

आणि देखरेख म्हणजे भिंतीवर टांगलेलं प्रमाणपत्र नव्हे. देखरेख करणारा त्याच जागेत हजर पाहिजे, मधे पडून चूक थांबवता येईल अशा स्थितीत पाहिजे, आणि काम हाताखालच्याने केलं तरी जबाबदारी त्याची. मूल तयार चष्मा न्यायला येतं, तेव्हा तो तोंडावर बसवून देणं हाही याच कामाचा भाग. ‘डबीत घालून ठेवलाय, घेऊन जा’ असं मुलाच्या चष्म्याबाबत चालत नाही.

मुलांसाठीच ही रेघ का? कारण डोळ्याने मेंदूला बघायला शिकवायचं काम साधारण सात-आठ वर्षांपर्यंत जोरात चालतं. त्या काळात एका डोळ्याकडून धूसर चित्र येत राहिलं, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. त्याला आळशी डोळा म्हणतात. मोठेपणी तो सुधारणं फार कठीण. शिवाय मूल तक्रार करत नाही. त्याने जग कधी नीट पाहिलेलंच नसतं, मग चुकीचं काय हे त्याला कसं कळणार? त्याच्या नाकाचा पूल बसका असतो, मोठ्यांची फ्रेम लहान करून त्यावर ठेवली की ती घसरते आणि मूल काचेच्या वरून बघायला लागतं. चष्मा आहे, पण डोळ्यापुढे नाही.

दुसऱ्या टोकाला आसामचे चहामळे आहेत. तिथल्या चाळिशी ओलांडलेल्या मजुरांवर झालेला एक प्रयोग 2018 साली प्रसिद्ध झाला. जवळचं नीट न दिसणाऱ्या मजुरांतल्या निम्म्यांना लगेच जवळचे चष्मे दिले, निम्म्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची उत्पादकता दुसऱ्या गटाच्या मानाने सुमारे 22 टक्क्यांनी जास्त वाढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अहवालानुसार जगात 80 कोटींहून अधिक लोक केवळ जवळचा चष्मा नसल्यामुळे अडलेले आहेत. ज्या बाईला सुईत दोरा ओवायचा आहे, तिला परवानाधारकाच्या रांगेत उभं करणं ही देखरेख नव्हे, अडवणूक आहे. स्टेशनबाहेर छत्री उलटी करून चाळिशीचे चष्मे विकणारा माणूस मला त्रासदायक वाटत नाही, उपयोगाचाच वाटतो. डोळ्यांची तपासणी त्याच्याकडे होत नाही आणि काचबिंदू त्याला कळणार नाही हे खरं. पण त्यासाठी चाळिशीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, चष्मेवाल्याला हाकलून ते साधत नाही.

मग आपल्याकडे काय? महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांचा 2017 चा कायदा आहे. ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील, तर आपण धंदा सुरू केल्याचं नुसतं कळवायचं. लोक अजून त्याला गुमास्ताच म्हणतात. तयार कपड्यांचं दुकान आणि चष्म्याचं दुकान यांत या कागदापुरता फरक नाही. केंद्राने 2021 साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नंबर काढणाऱ्याच्या शिक्षणाला आणि नोंदणीला निदान एक चौकट मिळाली. पदवीधरासाठी किमान 3,600 तासांचा अभ्यासक्रम ही अट त्यात आहे. नुसता चष्मा बसवणारा कारागीर मात्र या चौकटीच्या बाहेरच दिसतो.

यावर ‘सगळ्यांना परवाना सक्तीचा करा’ असं कोणी म्हणालं तर माझा विरोध राहील. आपल्याकडचे उत्तम चष्मेकार कॉलेजातून आलेले नाहीत. मालकाच्या हाताखाली चाकावर काच घासत शिकलेले कितीतरी जण आजही फ्रेम हातात घेताच कुठली काडी किती वाकडी आहे ते सांगतात. सरसकट सक्ती झाली, तर पहिला बळी त्यांचा जाईल आणि तालुक्याच्या गावात दुकानच उरणार नाही. पण मुलांपुरती रेघ आपण ओढू शकतो. 16 वर्षांखालच्या मुलाचा चष्मा नोंदणीकृत ऑप्टोमेट्रिस्टच्या समोरच बसवला जावा, एवढाच नियम. त्याला नवं खातं लागत नाही, नवी इमारत लागत नाही. जुन्या कारागिराने काम करावं, जबाबदार माणसाने शेजारी उभं राहून तपासावं.

‘कॉम्प्युटरवर मोफत नंबर काढून मिळेल’ या पाटीचाही इथेच विचार व्हावा. ते यंत्र चांगलं आहे, पण त्याचा आकडा ही सुरुवात असते. मुलं यंत्रात बघताना डोळ्याच्या आतला स्नायू ताणतात आणि नसलेला मायनस नंबर कागदावर येऊ शकतो. म्हणून लहान मुलांचा नंबर डॉक्टर डोळ्यांत थेंब घालून, स्नायू सैल करून तपासतात. यंत्राच्या चिठ्ठीवर परस्पर मुलाचा चष्मा करून देणं थांबायला हवं.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर मुलाचा चष्मा आणायला आई-बाबांपैकी एकाने मुलाला घेऊनच जावं. नंबराच्या कागदावर पी.डी. लिहून मागावी. तयार चष्मा लेन्सोमीटरवर आपल्यासमोर लावून दाखवायला सांगावं; नंबर, सिलिंडरचा कोन आणि काचेचा मध्य, तिन्ही गोष्टी तिथे दिसतात आणि पाच मिनिटंही लागत नाहीत. मग मुलाला चष्मा घालून खाली वाकायला, मान हलवायला सांगावं. घसरला, तर पैसे देण्याआधी बसवून घ्यावा. या कशालाही जादा पैसे पडत नाहीत, आणि चांगल्या दुकानदाराला असं विचारलेलं आवडतं. ज्याला राग येईल, त्याच्याकडून मुलाचा चष्मा घेऊ नये.